दोन नंबरच्या खोलीतले पाहुणे

नेरीनाला जोडपी नाश्त्यावरून कळायची. नवरा बायकोच्या पावावर जर्दाळूचा मुरंबा लावून देतोय म्हणजे लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही. दोघं एकमेकांच्या ताटलीतलं न विचारता उचलतायत म्हणजे दहा वर्षं तरी झाली. आणि नवरा पेपरात, बायको डोंगराकडे, मीठसुद्धा कोणी कोणाला मागत नाहीये, असं दिसलं की संध्याकाळी त्यांच्या खोलीत न मागता थंडगार आल्बाना वाइनची बाटली पाठवायची. बावीस वर्षांत तिचा अंदाज दोनदाच चुकला होता. दोन्ही वेळा माणसं स्वीडनची होती, आणि त्यांच्या तोंडावरून देवालासुद्धा काही कळत नाही असं तिचं म्हणणं.

इटलीत फाएन्झाहून आमच्या लामोने नदीच्या खोऱ्यात वर चढत आलं की पीचच्या बागा संपून ऑलिव्हची झाडं सुरू होतात, तिथे तिचं घर, ला क्वेर्चा. भाड्याच्या तीन खोल्या आणि द्राक्षाच्या मांडवाखाली सहा टेबलं. कुठकुठली प्रेमात पडलेली माणसं इथे येऊन चार दिवस लोळायची, दुपारी खिडक्या लावून घ्यायची, संध्याकाळी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून सूर्यास्त बघायची आणि निघून जायची. नेरीना मग त्यांच्या चादरी धुवायची. तिचा नवरा ओरियानो चाळीस वर्षं खोऱ्याचा पोस्टमन होता, लोकांची प्रेमपत्रं दारोदार पोचवायचा. थोडक्यात काय, दोघांचाही जन्म दुसऱ्यांच्या प्रेमाची सरबराई करण्यात गेला.

स्वतःचं लग्न झालं तेव्हा सान मारिनोला तीन दिवस जायचं ठरलं होतं, खोलीसुद्धा सांगून ठेवली होती. पण त्याच आठवड्यात पीच पिकली, आणि पिकलेलं पीच नव्या नवरीसाठी थांबत नाही. पीचमागून द्राक्षं आली, द्राक्षांमागून मोनिया आली, मोनियामागून खोल्या आल्या. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. "ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनी सुट्टीवर जावं," असं नेरीना म्हणायची. तिच्याकडे चौतीस कोंबड्या होत्या.

आता मोनियाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्याकडे घरची कारभारीण कोण, हे जमिनीच्या कागदांवर बघत नाहीत. लाटणं कोणाच्या हातात आहे ते बघतात. हे लाटणं चांगलं हातभर लांब असतं आणि त्याने अंड्यात भिजवलेल्या पिठाची पारी अशी लाटायची असते की उजेडात धरली तर पलीकडची टेकडी दिसली पाहिजे; मग तिच्या लांब पट्ट्या कापल्या की झाले ताल्यातेल्ले. नेरीनाला ते सासूने दिलं, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. मोनिया एकतीस वर्षांची, सहा वर्षं आईच्या हाताखाली. कांदा तिने चिरायचा, खिम्याचा रागू तिने ढवळायचा, डोंगराएवढी भांडी तिने घासायची. पण लाटायच्या फळीपाशी उभी राहिली की आई आलीच. "सरक बघू जरा. दे इकडे. तुझ्याने जाड होते."

जूनच्या शेवटी मोनियाला समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलातून नोकरीचं बोलावणं आलं. जुलैतल्या दुसऱ्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"आई, एक तर स्वयंपाकघर माझ्या हाती दे, नाहीतर मी चालले."

"दिलंय की! कोणी अडवलंय तुला?"

"मग लाटणं दे."

"लाटणं कशाला? लाटणं काय कुठे पळून जातंय?"

"लाटणं नाही, मी पळून जातेय!"

त्या दिवसापासून नेरीनाचं कशात लक्ष लागेना. पोरीने जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पोर गेली तर आपण ह्या घरात भुतासारख्या फिरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "राहा गं" एवढं म्हणायला तोंड उघडायचं आणि तोंडातून निघायचं, "कांदा बारीक चीर." जित्याची खोड, दुसरं काय.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी ओरियानो म्हणाला, "चल, कोंबड्यांचं खाद्य आणायला जाऊ." नेरीना गाडीत बसली. गाडी दुकानाकडे न वळता टेकडीला वळसा घालून, चॅपेलवरून, ओढ्यावरून, अर्धा तास उगाच हिंडून पुन्हा ला क्वेर्चाच्याच मोठ्या फाटकाशी येऊन थांबली. ह्या फाटकातून पाहुणे येत. नेरीना गेली कित्येक वर्षं कोंबड्यांच्या बाजूने आत शिरत होती. फाटकात मोनिया पांढराशुभ्र एप्रन लावून उभी.

"या, या! स्वागत आहे! प्रवास कसा झाला, सिन्योरा?"

"मोनिया, डोक्यावर पडलीस का गं?"

"आपल्या नावावर दोन नंबरची खोली आहे. शुक्रवार ते रविवार. नाश्ता आठ ते दहा. सिन्योर, बॅग मी घेऊ का?"

आणि खरंच ओरियानोने मागून एक बॅग काढली. त्याचे कान लालबुंद झाले होते. "सान मारिनोला जायला जरा उशीरच झाला," तो म्हणाला. "आणि लांब गेलो असतो तर तुझा जीव कोंबड्यांत अडकला असता. म्हटलं, कोंबड्या दिसतील अशाच ठिकाणी जाऊ."

"हा काय आचरटपणा! लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या खोल्या वेगळ्या आहेत," मोनिया म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला आणि सिन्योरा-बिन्योरा सोडून सरळ आईशी बोलली. "ऐक. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. तीन दिवस. रविवारी झेलिंदा आजीचा ऐंशीवा वाढदिवस आहे, चौदा पानं. सगळं मी करणार. नीट झालं तर मी राहते. फसलं तर सोमवारी सकाळच्या गाडीने जाते, तुला पुन्हा कधी त्रास देणार नाही."

झेलिंदा ही नेरीनाच्या सासूची जिवाभावाची मैत्रीण. बावीस वर्षं प्रत्येक सणाला मांडवाखाली जेवायची, ताटली पावाने पुसून चकचकीत करायची आणि काठी टेकत उठताना न चुकता म्हणायची, "खाण्यासारखं होतं. सासूच्या हाताची सर मात्र नाही." जिथे नेरीनाची डाळ शिजली नाही तिथे पोरीची काय शिजणार! पण नेरीनाही पक्की होती. रविवारी दहा वाजता हळूच आत शिरायचं, दहा मिनिटांत पारी नीट करून द्यायची, पोरीची लाज राखायची, पोर घरातच राहील. असा बेत मनात शिजवून ती साळसूदपणे म्हणाली, "बरं बाई. किल्ली दे."

शुक्रवारची संध्याकाळ तिने कशीबशी काढली. मांडवाखाली पाहुणी म्हणून बसली खरी, पण दुसऱ्यांच्या टेबलावरचे काटे मोजत होती. शेजारच्या टेबलावर एक डच जोडपं होतं. त्यांच्या पाण्याचा जग रिकामा दिसल्याबरोबर ती उठली आणि भरून घेऊन आली. "मीही पाहुणीच आहे," असं तिने त्यांना समजावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी हसून तिच्या हातावर दोन युरो ठेवले.

शनिवारी सकाळी ओरियानोला जाग आली तर बायको गायब, आणि तो झोपला होता ती बाजू सोडून उरलेला अर्धा पलंग ताठ अंथरलेला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. जाऊन बघतो तर नेरीना गुडघ्यावर बसून बिदेमध्ये कप धूत होती! आदल्या रात्रीचे कॉफीचे कप स्वयंपाकघरात न्यायची बंदी, आणि उष्टे कप खोलीत ठेवायचे म्हणजे तिच्या जिवाला घोर. मग बूड धुवायच्या त्या बसक्या भांड्यातच तिने आपलं दुकान मांडलं.

"नेरीना! अगं आपण त्यात..."

"आधी घासून घेतलंय ते! तीनदा!"

तेवढ्यात टॉवेल घेऊन आलेली मोनिया दारात उभी. तिने कप बघितले, आई बघितली, आणि ती दाराला धरून इतकी हसली की खाली बसली. "सिन्योरा," ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वेळी आलात की आम्ही भाडं घेणार नाही. पगार देऊ!"

त्यावर नेरीनालाही हसू फुटलं. ते हसू काहीतरी वेगळंच होतं. एकदा सुरू झालं ते थांबेचना. नाश्त्याला बसली तरी मधूनच खुदकन हसायची. ओरियानोने इकडेतिकडे बघितलं, पावाचा तुकडा उचलला, त्याला जर्दाळूचा मुरंबा जाड थराने लावला आणि तिच्या ताटलीत ठेवला. नेरीनाचे गाल तापले. ह्या मुरंब्याचा अर्थ काय, हे साऱ्या खोऱ्यात तिच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असणार?

"चावट," ती म्हणाली.

"खा," तो म्हणाला.

दुपारी त्यांनी इतर पाहुण्यांसारख्याच खिडक्या लावून घेतल्या.

"खाली मोनियाला काय वाटेल?"

"काय वाटायचंय? आपण भाडं भरलंय." मग ओरियानो तिच्या मानेकडे बघत म्हणाला, "तुझ्या मानेवर तीळ आहे हे मी विसरूनच गेलो होतो. इतकी वर्षं मागून बघतोय, पण तू सारखी वाकलेली."

त्या दुपारी दोन तास नेरीनाला रागूची, काट्यांची, कोंबड्यांची, कशाचीही आठवण आली नाही, आणि ह्याचं तिलाच नंतर नवल वाटलं.

रविवार उजाडला. आठ वाजता ओरियानो टोपली घेऊन तयार. नदीच्या वाकणावर, विलोच्या झाडांखाली एक डोह आहे, तिथे दोघं लग्नाआधी चोरून भेटत. "दहापर्यंत परत यायचं हं," नेरीनाने बजावलं. निघताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून फळीवर लाटण्याचा आवाज आला. ती थबकली.

"घाई करतेय. ऐक, ऐक ना! कडेला जाड राहणार."

"सिन्योरा, चला," म्हणत ओरियानोने तिला कोपराला धरून पुढे नेलं.

डोहाकाठी टोपली उघडली. मऊ चीज भरलेल्या पियादिना पोळ्या होत्या, पीच होती, छोटी बाटली होती. नऊच्या सुमाराला खाऊन झालं आणि मग दोघं पाण्याकडे बघत बसले. कारण आमच्याकडे माणूस एक वेळ देव बदलेल, पक्ष बदलेल, पण जेवल्यावर तीन तासांच्या आत पाण्यात उतरणार नाही. उतरला की पेटका येतो आणि दगडासारखा तळाला जातो, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलं ज्ञान आहे. गेलेला कोणी बघितलेला नाही, पण प्रत्येकाच्या मामाच्या गावी एक तरी गेलेला असतोच.

"म्हणजे बारा वाजता उतरायचं," ओरियानो घड्याळ बघत म्हणाला.

"बाराला? मी तर दहाला परत निघणार."

"मग पाण्यात जायचंच नाही?"

"पुढच्या वेळी."

"छत्तीस वर्षांनी? मी अठ्ठ्याण्णव वर्षांचा असेन, नेरीना." असं म्हणून तो उठला आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

"काय करतोस? ओरियानो! पोटात पियादिना आहे!"

"दोन आहेत," तो म्हणाला. त्याने नाक धरलं आणि धप्पकन उडी मारली.

नेरीना काठावर उभी राहून त्याच्या मरणाची वाट बघू लागली. तो खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला. तिने देवाचं नाव घेतलं, चपला भिरकावल्या आणि अंगातल्या फुलाफुलांच्या झग्यासकट नवऱ्याला वाचवायला ती पाण्यात शिरली. तोवर तो पोट वर करून निवांत तरंगत होता.

"मेल्या! मरत का नाहीस?"

"वाट बघतोय. अजून काही होत नाहीये."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. बासष्ट वर्षांची दोन माणसं डोहात एकमेकांवर पाणी उडवत होती, ओरडत होती, "आला का पेटका?" "नाही, तुला?" असं विचारून पुन्हा हसत होती. मोनियाच्या जन्मानंतर नेरीना पाण्यात उतरलीच नव्हती. तिचं अंग हलकं झालं. इतकं हलकं, की आपण इतकी वर्षं काय उचलून चाललो होतो असा तिला प्रश्न पडला. मग झगा विलोच्या फांदीवर वाळत घालून, नवऱ्याचा शर्ट अंगात घालून ती उन्हात आडवी झाली. "पाच मिनिटं," म्हणाली.

जाग आली तेव्हा सावली पार पलीकडच्या काठावर गेली होती. शेजारी ओरियानो टक्क जागा.

"किती वाजले?"

"पावणेदोन."

नेरीना ताडकन उठून बसली. "पावणेदोन! तू मला उठवलं का नाहीस?"

"उठवणार होतो. पण तू घोरत होतीस. इतकी निवांत घोरताना तुला मी कधी ऐकलं नव्हतं."

"माझी पोर चालली उद्या, आणि हा घोरणं ऐकत बसलाय!" तिने वाळलेला झगा डोक्यातून ओढला, चपला हातात घेतल्या आणि चढावर पळत सुटली. मागून टोपली घेऊन ओरियानो. पळता पळता तिला सगळं दिसत होतं: जाड पारी, झेलिंदाचं वाकडं तोंड, मोनियाची भरलेली बॅग. मी "राहा" म्हटलं असतं तर? एक शब्द तर होता, एवढासा! माझं तोंड काय शिवलं होतं? तिला रडू यायला लागलं, पण रडायला थांबायलाही वेळ नव्हता.

मांडवाखाली ती पोचली तेव्हा चौदाच्या चौदा माणसं तिच्याकडे वळून बघू लागली. केस विस्कटलेले, पाय चिखलाने भरलेले, झगा उलटा घातलेला. टेबलावर चौदा ताटल्या होत्या, पावाने पुसून लख्ख केलेल्या. स्वयंपाकघराच्या दारात मोनिया उभी होती, कोपरापर्यंत पिठाने माखलेली, पांढरीफटक.

झेलिंदाने काठी जमिनीवर आपटली. "नेरीना! इकडे ये."

नेरीना गेली.

"बावीस वर्षं तुझ्या हातचं खातेय मी. कधी चांगलं म्हटलं नाही."

"नाही," नेरीना म्हणाली.

"आज म्हणते. आजचे ताल्यातेल्ले तोंडात घातले आणि तुझ्या सासूची आठवण आली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शिकलीस बाई एकदाची."

ज्या वाक्यासाठी नेरीनाने बावीस वर्षं पिठात हात घातले, ते वाक्य आलं होतं, आणि पत्ता चुकून तिच्या हातात पडलं होतं. नुसती मान हलवली असती तरी ते तिचं झालं असतं. दारातली मोनिया स्वतःहून ते मागणार नव्हती, हे नेरीनाला माहीत होतं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती फक्त.

"माझा हात लागलेला नाही त्याला," नेरीना म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नदीत होते. ह्याच्याबरोबर."

"नदीत? कधी?"

"नऊला खाल्लं. सव्वानऊला पाण्यात."

मांडवाखाली एकच कल्लोळ उडाला. चौदातले दोघं उभेच राहिले. एका बाईने छातीवर क्रूस काढला. "सव्वानऊला! जेवून!" "आणि दोघंही जिवंत?" "ओरियानो, तू तर शहाणा माणूस होतास!" झेलिंदा तर ताल्यातेल्ले पार विसरली, नेरीनाचा हात धरून तिची नाडी बघू लागली.

"झेलिंदा, माझं ऐक आधी," नेरीना जोरात म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "ते माझ्या लेकीने केलंय. सगळं. माझ्याहून चांगलं केलंय, आणि हे मला तिला आधी सांगायला हवं होतं. इथून पुढे लाटणं तिचं. नावं ठेवायची तर तिला ठेव, पण ती माझ्यासारखी ऐकून घेणार नाही."

हात सोडवून ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. उंबरठ्यापाशी थांबली. आत फळीवर पीठ सांडलेलं होतं, अंड्यांची टरफलं पडली होती, लाटणं आडवं पडलं होतं, आणि ते उचलून ठेवायला तिचा हात जराही शिवशिवला नाही. मोनियाच्या गालांवरच्या पिठात दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या.

"सिन्योरिना," नेरीना म्हणाली, "दोन नंबरची खोली अजून थोडे दिवस मिळेल का?"

मोनियाने मनगटाने नाक पुसलं. त्यामुळे नाकही पांढरं झालं. "ती उद्यापासून भरलीय," ती कशीबशी म्हणाली. "मागच्या बाजूची एक आहे. तुमची नेहमीचीच. पलंग जरा करकरतो."

"करकरू दे," मागून ओरियानो म्हणाला, आणि मांडवाखालून कोणीतरी जोरात शिट्टी मारली.

"किती दिवस राहणार?" मोनियाने विचारलं.

"तू ठेवशील तितके," नेरीना म्हणाली.